कमी वेळात अधिक वाचन : शब्दसूचीचा शोध आणि तिची किंमत

१/
हाताशी दोन तास आणि समोर सहाशे पानांचा ग्रंथ. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा पेच ठाऊक असतो. मात्र तो आजचा नाही. सुमारे आठशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील काही धर्मोपदेशकांपुढे तो उभा राहिला. त्यांनी काढलेला तोडगा आज प्रत्येक गंभीर ग्रंथाच्या शेवटी छापलेला असतो. हा थ्रेड त्या तोडग्याचा आहे, आणि त्यासाठी वाचकाला मोजाव्या लागणाऱ्या किमतीचाही आहे.

२/
प्रारंभी त्याआधीचे जग पाहू. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीनुसार ईस्टरपूर्व उपवासकाळात मठातील प्रत्येक भिक्षूला एक ग्रंथ दिला जाई, आणि तो पहिल्यापासून क्रमाने व संपूर्ण वाचावा अशी आज्ञा होती. अकराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप लॅन्फ्रँक यांनी घालून दिलेले नियम अधिक कडक होते. वर्षानंतर ग्रंथ परत करताना तो पूर्ण वाचून झाला नसेल, तर भिक्षूने सर्वांसमक्ष दोष कबूल करून क्षमा मागायची. एक वर्ष, एक ग्रंथ. हे वाचन हलक्या उच्चारात, चघळत, मनन करीत चाले. वेळ वाचवण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

३/
बाराव्या-तेराव्या शतकांत चित्र पालटले. पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड येथे विद्यापीठे आकाराला आली आणि ग्रंथांची संख्या वाढली. १२१६मध्ये पोपची मान्यता मिळालेला डॉमिनिकन संघ प्रवचनासाठीच स्थापन झाला होता. त्याचे उपदेशक गावोगाव फिरत. उद्याच्या प्रवचनाचा विषय दया असेल, तर बायबलमध्ये दयेचा उल्लेख कोठे कोठे आला आहे, हे त्यांना आजच कळायला हवे होते. वर्षभर एकच ग्रंथ चघळण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

४/
अडचण दिसते त्यापेक्षा मोठी होती. हस्तलिखितांच्या काळात कोणत्याही दोन प्रती पानोपान सारख्या नसत. लेखनिकाचे अक्षर मोठे असले की पाने वाढत. त्यामुळे ‘अमुक पान पाहा’ हा निर्देश दुसऱ्या प्रतीत निरुपयोगी ठरे. स्थळ पानाने नव्हे, तर मजकुराच्या विभागाने सांगणे भाग होते. बायबलची आज रूढ असलेली अध्यायविभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्थिरावली. तिचे श्रेय सामान्यतः पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. पण मोठ्या अध्यायात एक शब्द शोधणेही कष्टाचेच होते, आणि ओवीसारखे क्रमांकित चरण तेव्हा अस्तित्वात नव्हते.

५/
पॅरिसच्या सेंट जाक मठात १२३०च्या दशकात सेंट शेरचे ह्यू यांच्या मार्गदर्शनाखाली डॉमिनिकन भिक्षूंनी यावर उपाय योजला. त्यांनी प्रत्येक अध्याय मनाने सात भागांत विभागला आणि त्या भागांना लॅटिन वर्णमालेतील पहिली सात अक्षरे दिली. ग्रंथावर कोणतीही खूण करण्याची गरज नव्हती. पहिले अक्षर म्हणजे अध्यायाचा आरंभ, सातवे म्हणजे शेवट. मग बायबलमधील महत्त्वाचे शब्द वर्णानुक्रमे मांडून प्रत्येकापुढे ग्रंथ, अध्याय आणि भाग यांची नोंद केली. बायबलची ही पहिली शब्दसूची होय.

६/
वर्णानुक्रम आज इतका अंगवळणी पडला आहे, की त्यातील धाडस ध्यानात येत नाही. तत्कालीन विद्वानांच्या दृष्टीने ज्ञानाची मांडणी ईश्वरापासून सुरू होऊन देवदूत, मनुष्य, पशू अशी उतरत जायला हवी. केवळ अक्षर आधी येते म्हणून गाढवाने देवदूताच्या पुढे बसावे, हे सृष्टीच्या व्यवस्थेचा अवमान करण्यासारखे होते. तरीही उपदेशकांनी ते पत्करले. कारण शोधणाऱ्याच्या मनात विश्वाची उतरंड नसते, त्याच्या मनात एक शब्द असतो.

७/
खरी शिकवण यापुढे आहे. ती पहिली सूची उपयोगात आणताच तिचे वैगुण्य उघड झाले. तीत शब्द होता, स्थळ होते, पण वाक्य नव्हते. एखादा शब्द शेकडो ठिकाणी आला असेल, तर त्यांतील नेमके कोणते स्थळ हवे, हे प्रत्येक स्थळ उघडून पाहिल्याखेरीज समजत नसे. म्हणून सेंट जाकमधील इंग्रज भिक्षूंनी दुसरी सूची तयार केली आणि प्रत्येक नोंदीसमोर मूळ वाक्य सविस्तर दिले. आता संदर्भ होता, पण सूचीचा विस्तार एवढा झाला की तीच वाचणे जड जाऊ लागले.

८/
तेराव्या शतकाच्या अखेरीस तिसरी सूची आली. तीत शब्दाच्या आगेमागे मोजकेच शब्द दिले होते. ओळख पटेल इतका संदर्भ, आणि नजर सरकत राहील इतका संक्षेप. हीच रचना टिकली. या तीन प्रयत्नांत संपूर्ण विषयाचे सार आहे. वेळ वाचतो तो संदर्भ कापून. संदर्भ मुळीच ठेवला नाही तर वाचन आंधळे होते, आणि सगळा ठेवला तर वेळ वाचत नाही. किती कापायचे, हा निर्णय प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावा लागला.

९/
येथे एक भारतीय तुलना उद्बोधक ठरते. ‘अनुक्रमणिका’ हा शब्द मराठीत संस्कृतातून आला आणि त्यामागे प्राचीन परंपरा आहे. कात्यायनाच्या नावावर असलेली ‘सर्वानुक्रमणी’ ऋग्वेदातील १०२८ सूक्तांचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद नोंदवते. मात्र हे साधन मुखोद्गत ग्रंथासाठी होते. एकही ऋचा गळू नये, हा त्याचा हेतू. पॅरिसच्या उपदेशकांना संपूर्ण ग्रंथ न वाचता हवे ते गाठायचे होते. एक सूची जतनासाठी, दुसरी शोधासाठी.

१०/
मुद्रणाने पानांचा प्रश्न सोडवला. एका आवृत्तीच्या सर्व प्रती सारख्याच असल्याने पृष्ठक्रमांकाला अर्थ आला. १४७०मध्ये कोलोन येथे छापलेल्या एका प्रवचनाच्या पुस्तिकेत असे छापील क्रमांक आढळतात. त्याचबरोबर ग्रंथांचा पूरही आला. झुरिकचे कोनराड गेसनर यांनी १५४५मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत सुमारे ३,००० लेखकांच्या सुमारे १०,००० कृतींची नोंद होती. १५४८मध्ये त्यांनी सूची करण्याची कृतीही सांगितली : नोंदी कागदाच्या एका बाजूस लिहाव्यात, कात्रीने कापून सुट्या कराव्यात, क्रमाने लावाव्यात आणि मग चिकटवाव्यात.

११/
सूची ग्रंथकाराने दिली तरी वाचकाचे प्रश्न वेगळे असतात. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांची टिपणवही त्यावरचा उपाय होती. १६८६मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत वहीच्या आरंभीची दोन पाने सूचीसाठी राखलेली असत. टिपणाला शीर्षक द्यायचे, त्यातील पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर पाहायचा, आणि सूचीतील त्या जोडीच्या घरात पानाचा क्रमांक लिहायचा. विषयांसाठी आधीच पाने सोडून ठेवण्याची आवश्यकता नाही. एकदा वाचलेले पुन्हा वाचावे न लागणे, ही वेळेची सर्वांत मोठी बचत होय, हे लॉक यांनी ओळखले होते.

१२/
या साधनांवर टीकाही झाली. सूचीवरच विसंबून ग्रंथ वाचल्याचा आव आणणाऱ्यांविषयी गेसनर यांनी नाराजी नोंदवली होती. १७०४मध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी ‘अ टेल ऑफ अ टब’मध्ये अशा पाठीमागून ग्रंथात शिरणाऱ्या विद्वानांची यथेच्छ थट्टा केली. टीकेचा रोख योग्य होता. सूची विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. विचारायला हवा होता पण सुचला नाही, असा प्रश्न केवळ सलग वाचनातूनच भेटतो.

१३/
विसाव्या शतकात दुसराच मार्ग पुढे आला : ग्रंथाची वाट सुकर करण्याऐवजी डोळ्यांचा वेग वाढवणे. १९५९मध्ये अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी शीघ्रवाचनाचे वर्ग सुरू केले. मिनिटाला हजारो शब्द, असे आश्वासन होते. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही हा अभ्यासक्रम केला. परंतु डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या घेतो, प्रत्येक मुक्कामी साधारण पाव सेकंद थांबतो आणि तेथे मोजकीच अक्षरे स्पष्ट पाहतो. वाचनविषयक संशोधनाचा आढावा घेणाऱ्या २०१६च्या एका प्रबंधाने स्पष्ट निष्कर्ष मांडला : वेग फार वाढवला की आकलन घटते. आकलन टिकवून वेग वाढतो, तो शब्दसंपत्ती आणि विषयाचा परिचय वाढल्याने.

१४/
त्याआधीच, १९४६मध्ये, ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी पाच पायऱ्यांची पद्धत मांडली होती. प्रथम शीर्षके व सारांश चाळावेत. शीर्षकांचे प्रश्न करावेत. उत्तर शोधत वाचावे. पुस्तक मिटून उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगावे. अखेरीस उजळणी करावी. या पद्धतीत डोळ्याला घाई नाही. शक्ती खर्च होते ती वाचण्याआधी विचारण्यात आणि वाचल्यानंतर आठवण्यात. सेंट जाकच्या उपदेशकांप्रमाणेच हा वाचकही प्रश्न घेऊनच ग्रंथाकडे येतो.

१५/
भारतात हा विचार वैयक्तिक कौशल्याच्या पलीकडे नेला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. त्यांतील चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. खुली कपाटे, संबंधित ग्रंथ शेजारी ठेवणारे वर्गीकरण, नेमकी तालिका ही सारी त्या नियमाची फळे. वाचकाचा वेळ वाया जात असेल तर दोष बहुधा व्यवस्थेचा असतो, ही त्यामागची भूमिका.

१६/
मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सारे जुन्या पत्रांत पडताळून पाहता येते. पेशवेकालीन पत्राची घडण ठरलेली असते : आरंभी मायना, मग ‘विनंती उपरी’, कुशल, आणि ‘विशेष’ या शब्दानंतर मूळ विषय. सरावलेला अभ्यासक थेट ‘विशेष’वर नजर टाकतो आणि एका बैठकीत अनेक पत्रे चाळतो. हीच खरी शीघ्रवाचनाची कला. पण मायना वगळला की लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, यांतील श्रेष्ठ-कनिष्ठतेचा संबंध हातून निसटतो. मायना बदलला म्हणजे बहुधा राजकारण बदललेले असते.

१७/
आजची शोधचौकट म्हणजे सेंट जाकच्या पहिल्या सूचीचा विराट अवतार. क्षणात स्थळे मिळतात. तथापि नाना फडणवीसांचा शोध घेताना ‘नाना’ एवढाच शब्द दिला, तर ‘बाळाजी जनार्दन’ या नावाने आलेली त्यांची पत्रे सापडणार नाहीत. आणि मिळालेल्या एका ओळीवर विसंबून निष्कर्ष काढला, तर मागच्या परिच्छेदातील ‘ऐसी वदंता आहे’ हे शब्द नजरेआड राहतील. अफवा मग पुरावा होऊन समाजमाध्यमांवर फिरू लागते. संदर्भ कापल्याची ही किंमत आता एकट्या वाचकाची राहत नाही, ती सगळ्यांना मोजावी लागते.

१८/
आठशे वर्षांच्या या अनुभवाचा व्यवहारात अर्थ एवढाच : ग्रंथ हाती येताच प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि सूची पाहावी. आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. सूचीने दाखवलेल्या स्थळाच्या आधीचे आणि नंतरचे पान वाचावे. पुस्तक मिटून सार सांगावे आणि ते पुन्हा सापडेल अशा रीतीने टिपून ठेवावे. आणि दहा ग्रंथांचा असा वेळ वाचवल्यावर, तो एखाद्या अकराव्या ग्रंथासाठी खर्च करावा : बेनेडिक्टच्या भिक्षूप्रमाणे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

(थ्रेड समाप्त)