देवळालीच्या बराकी आणि भिश्त्याची पखाल

नाशिकचा इतिहास म्हटला की पांडवलेणी, गोदाकाठ आणि पेशव्यांचा सरकारवाडा एवढ्यावर आपण थांबतो. शेजारच्या देवळाली कॅम्पातील बराकींकडे वारसा म्हणून फारसे कोणी पाहत नाही. आम्हांला मात्र त्या बराकींशी आपलेही नाते आहे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८६१ साली देवळालीत इंग्रज फौजेची छावणी पडली. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदरात उतरलेला गोरा शिपाई थेट देवळालीत येऊ लागला. येथून त्याची रवानगी हिंदुस्थानभर होई. मुदत संपलेला शिपाईही परतीच्या बोटीची वाट पाहत येथेच थांबे. फौजेच्या बोटी हिवाळ्यातच सुटत. त्यामुळे कित्येकांना महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे. त्या कंटाळ्याने माणसे भ्रमिष्ट होत. डोके फिरण्याला इंग्रजीत ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे ‘तपेदिक’ या शब्दातला तप, मराठीतला ताप!

या काळच्या बराकींची रचना समजण्यासाठी १८५७ च्या उठावाकडे वळावे लागते. उठावानंतर गोरी फौज वाढवली गेली. पण ती लढाईपेक्षा रोगानेच जास्त मरत होती. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ च्या अहवालात हिशेब मांडला : वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हिंदुस्थानात पाऊल न ठेवता या कामी मोठे कष्ट घेतले. मग बराकींचा साचा बदलला. उंच जोते, उंच छत, रुंद व्हरांडे, आढ्याजवळ गरम हवा बाहेर जाण्याची सोय, दोन बराकींत मोकळी जागा आणि मुदपाकखाना वेगळा. दहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी १८ वर आले. जाड भिंती आणि लांब व्हरांडे हा केवळ साहेबी थाट नव्हता. त्यामागे जीव वाचवण्याचे शास्त्र होते.

पण ते कोणासाठी? पक्की बराक गोऱ्यासाठी. देशी शिपायाला बहुधा थोडा भत्ता मिळे आणि ‘लाइनी’त आपली झोपडी त्यानेच उभारायची. छावणीचा गाडा ओढणारे भिश्ती, बावर्ची, धोबी, मोतद्दार, शिंपी यांची वस्ती तर हद्दीच्या टोकाला. त्यांत मुसलमान पुष्कळ. पाणी पाजणाऱ्याला ‘बिहिश्त’ म्हणजे जन्नतशी जोडून ‘भिश्ती’ म्हटले गेले. पण बराकीच्या कोनशिलेवर त्याच्या पखालीला जागा मिळाली नाही.

१९४१ साली तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र काकुलहून देवळालीस आले. फाळणीनंतर काकुल पाकिस्तानात गेले आणि तेथे त्या देशाची लष्करी प्रबोधिनी उभी राहिली. इकडे देवळालीच्या छावणीत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. बोटीची वाट पाहणाऱ्यांच्या जागी कधीच परतता न येणारी माणसे आली. दगडी भिंतींनी दोघांनाही सारखीच सावली दिली.

आज या वास्तू लष्कराच्या ताब्यात असल्याने त्यांची देखभाल आपल्या हाती नाही. आठवणी मात्र आपल्याच हाती आहेत. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचा कॅम्पातल्या नोकरीचा दाखला, जुना फोटो किंवा एखादी ऐकीव हकिकत असेल, त्यांनी ती लिहून ठेवावी. बराकी किती उंच होत्या हे सरकारी दप्तर सांगेल. तिथे पाणी कोणी भरले, हे आपल्यालाच सांगावे लागेल.