लडाखची विरळ हवा, नगरची धूळ

जुन्या पिकअपच्या सहा सिलिंडरी इंजिनाला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र, लावायचा तो गाडी पळवण्यासाठी, ही समजूत मोटारींच्या हौशी मंडळींत पक्की आहे. आपल्या ट्रकांचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. आपल्याकडे टर्बोची गरज दाखवली डोंगरांनी आणि तो प्रत्यक्ष आणला धुराच्या कायद्याने. वेगाचा त्यात फारसा वाटा नव्हता. या गोष्टीत नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, महत्त्वाचे स्थान आहे. लष्करी मोटारवाहनांची तपासणी करणारी संस्था १९२९ साली रावळपिंडीजवळ चकलाला येथे सुरू झाली आणि फाळणीच्या वर्षी, १९४७ मध्ये, नगरला हलली. आज सारे नगर तिला व्हीआरडीई म्हणून ओळखते. इथल्या किल्ल्यावर आणि रणगाड्यांच्या संग्रहालयावर बरेच लिहिले जाते. गाड्यांचा कस लावणाऱ्या या संस्थेकडे मात्र इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते, याची खंत वाटते.

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली डेमलर-बेंझशी करार केला आणि जर्मन वळणाचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले डिझेल इंजिन आपल्या रस्त्यांवर आले. पुढच्या ६९२ आणि ६९७ या इंजिनांची नावेच त्यांची घडण सांगतात: सिलिंडर सहा, आणि प्रत्येकाचा व्यास ९२ किंवा ९७ मिलिमीटर. पहिले सुमारे पावणेपाच लिटरचे, दुसरे ५.७ लिटरच्या जवळ जाणारे. लष्कराचा शक्तिमान ट्रकही १९५९ पासून जबलपूरला ‘मान’ या जर्मन कंपनीच्या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनावर तयार होऊ लागला. ही ठेवण टर्बोला जणू मापून दिल्यासारखी आहे. १-५-३-६-२-४ या क्रमाने इंजिन पेटते तेव्हा पहिल्या तीन सिलिंडरांचे धुराचे झोत एकमेकांपासून २४० अंशांवर येतात आणि शेवटच्या तिघांचेही तसेच. त्यामुळे तीन-तीन सिलिंडरांच्या दोन वेगळ्या नळ्या टर्बाइनपर्यंत नेल्या की एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही, आणि प्रत्येक ठोक्याची ताकद टर्बाइनचे चाक फिरवण्यात खर्ची पडते. चार सिलिंडरांत किंवा व्ही आकाराच्या आठांत हे इतक्या सरळपणे साधत नाही. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनियराने १९०५ मध्येच धुराच्या जोरावर हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. म्हणजे कल्पना जुनी होती, इंजिनही अनुकूल होते, तरी आपल्या मालट्रकांनी कित्येक दशके टर्बोशिवाय काढली.

गरज नव्हती असे म्हणता येत नाही. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे आणि तिथे हवेची तूट फारशी जाणवत नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब जवळपास दोन तृतीयांश उरतो. खारदुंग ला ही खिंड गाठेपर्यंत तो निम्म्यावर येतो. हवा निम्मी आणि डिझेल तेवढेच, तर सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि गाडी ओढत नाही. मग पंपाचे सेटिंग कमी करावे लागते, आणि ताकद आणखी घटते. टर्बो ही तूट बरीच भरून काढतो, कारण बाहेरचा दाब कमी असला की त्याचे चाक उलट अधिक वेगाने फिरते. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात रसद पोहोचवणाऱ्या लष्कराला हे दुखणे अनोळखी नव्हते.

मग इतका उशीर का? परकीय चलनाची चणचण आणि ट्रकसाठी लागणाऱ्या रांगा ही कारणे खरी आहेत. ज्याचा माल असाही खपतो तो इंजिन सुधारायची घाई करत नाही. पण धुळीचे कारण मला त्याहून वजनदार वाटते. टर्बोचे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते, त्यामुळे धूळ त्याला सोसत नाही. पर्जन्यछायेतल्या नगर जिल्ह्यात उसाच्या फडात शिरणाऱ्या ट्रकच्या फिल्टरमध्ये जे जमते ते पाहिले की मिस्त्रींचा टर्बोवरचा संशय समजतो. १९५२ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्स या अमेरिकी इंजिन कंपनीची टर्बोवाली सहा सिलिंडरी डिझेल गाडी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली आणि टर्बोच्या तोंडात टायरच्या रबराचा कचरा अडकल्याने बाद झाली. तो तर डांबरी रस्ता होता!

निकाल लावला कायद्याने. डिझेल गाड्यांसाठी धुराची पहिली मर्यादा १९९२ मध्ये आली, पुढे २००० पासून भारत स्टेजचे टप्पे सुरू झाले. तेवढ्याच डिझेलला जास्त हवा मिळाली की काजळी कमी होते, आणि भरलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड केली की नायट्रोजनची ऑक्साइडेही आटोक्यात राहतात. ६९७ च्या मागे टर्बोची खूण असलेली ‘टीसी’ ही अक्षरे लागली. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ मध्ये भागीदारी केली आणि टर्बोवाले ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आणले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ नुसार नव्या गाडीचा नमुना तपासायला द्यावा लागतो, आणि त्या नियमात नगरच्या व्हीआरडीईचे नाव पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्याही आधी आहे.

यावर कोणी म्हणेल, इंजिने जर्मन आणि अमेरिकी आराखड्यांची, मग नगरचे त्यात काय? पण परक्या हवामानासाठी काढलेला आराखडा इथे टिकतो की नाही हे ठरवणे हा त्या यंत्राच्या घडणीचाच भाग आहे. दुसरा आक्षेप गॅरेजातला: टर्बोने इंजिनाचे आयुष्य घटते. मूळचे बिनटर्बोचे इंजिन तसेच ठेवून वर टर्बो चढवला तर हे खरे आहे. पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंगे, तेल गाळण्याची आणि पाणी फिरवण्याची सोय, सगळे त्या दाबासाठी बेतावे लागते. कारखान्याने ते बेतले तिथे टर्बोवाले ट्रकही लाखो किलोमीटर चालले.

म्हणूनच लष्कराच्या लिलावातून आलेल्या जोंगा या जीपसारख्या गाडीला टर्बो बसवू पाहणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा. तिचे ३९५६ सीसीचे निसान इंजिन सहा सिलिंडरीच आहे, पण पेट्रोलवरचे. दाबून भरलेली हवा तापते आणि पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टन फोडू शकते. त्यासाठी कॉम्प्रेशन उतरवावे लागते आणि ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करू देत नाही. जोंगाचे इंजिन मूळ अवस्थेत नीट बांधून घ्यावे, असे माझे मत आहे. तशी धडधाकट वाहने आता थोडीच उरली आहेत.