सवलत, विलंब आणि सार्वजनिक ग्रंथालय

शासनाने एखाद्या लोकोपयोगी संस्थेस सवलत जाहीर करणे आणि ती सवलत त्या संस्थेच्या पदरात पडणे, ह्या दोन भिन्न घटना होत. इतिहासात बहुधा पहिलीचीच नोंद होते. कारण तिच्यापाशी अधिनियम असतो व दिनांक असतो. दुसरीचा वृत्तांत ग्रंथालयाच्या जमाखर्चाच्या वहीत पडून राहतो. दूरसंचार-सवलतींचा इतिहास ह्या वहीच्या बाजूने पाहिल्यास त्याचे स्वरूप पुष्कळच पालटते.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार अधिनियमाने शाळा व ग्रंथालये यांना सवलतीच्या दराने सेवा मिळण्याचा मार्ग मोकळा केला. १९९७ मध्ये सवलतीचे प्रमाण २० ते ९० टक्के ठरले. परिसर जितका निर्धन वा ग्रामीण, तितकी सवलत अधिक. ३० जानेवारी ते १५ एप्रिल १९९८ ह्या मुदतीत सुमारे ३०,००० अर्ज आले. परंतु योजना चालविण्यासाठी स्थापन झालेल्या निगमाच्या वैधतेविषयीच वाद उपस्थित झाला, निधीस कात्री लागली आणि पहिली मंजुरीपत्रे नोव्हेंबर १९९८ मध्ये निघाली. दरम्यान पहिले योजनावर्षच जून १९९९ पर्यंत लांबविण्यात आले होते. ह्या खंडकाळात ग्रंथालयांचा आधार ठरल्या त्या राज्य ग्रंथालय-यंत्रणा. ग्रंथालयांच्या तंत्रज्ञान-आराखड्यांना मान्यता देण्याचे काम मुख्यत्वे त्यांच्याकडे होते. साहजिकच नियमांचा अर्थ लावणे व मुदती सांभाळणे ह्याविषयीचे मार्गदर्शनही त्यांच्याकडे आले.

भारतात सार्वत्रिक सेवा दायित्व निधी २००२ पासून अस्तित्वात आला व २००३ च्या दुरुस्तीने त्यास वैधानिक अधिष्ठान लाभले. मात्र त्याचा हिशेब ग्रंथालय ह्या घटकावर बेतलेला नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याचा, म्हणजेच पुढील भारतनेटचा, घटक होता ग्रामपंचायत. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडण्याचा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात पहिल्या एक लाखाचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये गाठला गेला.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदच्या संदर्भात ह्या भेदाचे मर्म ध्यानी येते. तालुक्यातील खेडी योजनेच्या कक्षेत येतात; परंतु तालुक्याच्या गावी नगरपरिषद असल्यामुळे तेथील ग्रंथालयास ग्रामपंचायतीच्या वाटेने हक्क सांगता येत नाही. त्यास उरतो तो ग्रंथालय-अनुदानाचा जुना मार्ग. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात असल्याने, त्यास व्यापक ग्रंथालय-कायदा प्रथम लाभला तो महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमाने. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद होती. महाराष्ट्राने ती स्वीकारली नाही. परिणामी येथील ग्रंथालयाचा आधार स्थानिक कर नसून शासकीय अनुदान हा झाला. १९७० च्या नियमांनुसार ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, परंतु वर्गाच्या कमाल मर्यादेत, अनुदान मिळू लागले.

दोन्ही व्यवस्थांत एक समान सूत्र आढळते : खर्च आधी होतो, साहाय्य मागाहून येते. हप्ता लांबला तरी सेवकाचे वेतन, वीज व जोडणीचे देयक लांबत नाही. संपन्न ग्रंथालय हा काळ वर्गणी व देणग्या ह्यांच्या बळावर निभावून नेते. निर्धन ग्रंथालय मात्र प्रथम जोडणी, मग नियतकालिके आणि शेवटी ग्रंथखरेदी थांबविते. म्हणजे ज्याची गरज अधिक म्हणून सवलतीचे प्रमाण अधिक ठेवले, त्यासच विलंबाचा फटका अधिक बसतो. सवलतीचा हेतू विलंबामुळे असा उलटा फिरतो.

म्हणून अशा योजनांचे मूल्यमापन केवळ मंजूर रकमेवरून करणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. मंजुरी व प्राप्ती ह्यांमधील काळ किती, तो कोणी सोसला आणि त्या काळात कागदपत्रांची वाट दाखविणारे कोणी होते की नव्हते, हे प्रश्न विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे राजपत्रात सापडत नाहीत; ती तालुक्याच्या ग्रंथालयांतील आवक-जावक नोंदवह्यांत शोधावी लागतील.