एका घराच्या प्याद्याचं कूळ

जुन्नर किंवा मंचरला शालेय बुद्धिबळ स्पर्धा बघायला उभं राहिलं, की काळी मोहरी मिळालेली पोरं एक मांडणी हमखास करताना दिसतात. राजाकडचा घोडा बाहेर येतो, त्याच्या शेजारचं प्यादं एकच घर सरकतं आणि त्या रिकाम्या घरात उंट तिरपी नजर लावून बसतो. मुलांना ही मांडणी यूट्यूबवरून किंवा प्रशिक्षकाकडून मिळते. जगज्जेतेपदाच्या लढतींतही तीच सुरुवात निवडली जाते. पण तिचं मूळ आपल्याच जुन्या देशी डावात आहे, आणि हे मुलांना कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

देशी डावात प्याद्याला पहिल्या खेळीतही दोन घरं जाण्याची मुभा नव्हती. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई. प्यादी एकेक घर सरकणार म्हटल्यावर समोरचा सुरुवातीलाच सहजी अंगावर येऊ शकत नसे. त्यामुळे घाई कुणालाच नसे. आपापल्या हद्दीत मोहरी नीट रचायची आणि मग भिडायचं. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबाराशी संबंध असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ लिहिली, तिचं इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापलं गेलं. त्यात भर आहे तो निर्णायक स्थितींवर, शेवटाकडे आलेल्या डावांवर. मला यात नवल वाटत नाही. सुरुवात संथ असली की खेळाडूचं खरं कसब पुढेच दिसणार.

युरोपात नेमकं उलट होतं. दोन घरांची उडी असल्यामुळे पटाचा मध्य पहिल्याच खेळीत बळकावता येई, आणि तो बळकावलाच पाहिजे असं तिथले जाणकार मानत. या दोन रीती समोरासमोर आल्या कलकत्त्यात. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे खेळायचा. १८५० च्या सुमारास त्याची गाठ महेशचंद्र बॅनर्जी या शहराबाहेरच्या मुलखातल्या ब्राह्मण खेळाडूशी पडली. पुढची काही वर्षं दोघं युरोपीय नियमांनी शेकडो डाव खेळले. कॉक्रन मध्यात प्यादी ढकलायचा. बॅनर्जी घोडा काढून, प्यादं एक घर सरकवून, उंट कोपऱ्याजवळ बसवून त्याला येऊ द्यायचे. जिंकायचा बहुधा कॉक्रनच, पण त्याने ते डाव जपले आणि विलायतेत छापायला धाडले, हे त्याचे आपल्यावर उपकार आहेत. १८५५ च्या एका डावात बॅनर्जींनी ही जुनी मांडणी रचता रचताच वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकून पांढऱ्याच्या मध्यावर घाव घातला. जुन्या वळणात नव्या नियमाची खेळी इतक्या सहज मिसळलेली पाहून आजही थक्क व्हायला होतं. १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच कल्पना व्हिएन्नात अलेखिनविरुद्ध वापरून डाव जिंकला, आणि बचावाला नाव मिळालं ते ग्रुनफेल्डचं.

आपल्याकडे देशी नियम बरेच दिवस टिकले. १९५५ मध्ये एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले, तेव्हाही अनेक घरांतल्या पटांवर प्यादी एकेक घरच चालत होती.

बॅनर्जींची ही मांडणी मात्र पुढे जगज्जेतेपदाच्या लढतींतही पोचली. तिथे सुरुवात निवडताना केवळ ‘चांगली खेळी कोणती’ एवढा विचार पुरत नाही. समोर एकच माणूस महिनाभर बसणार असतो. त्याने कशाची तयारी केली असेल, त्याला कुठल्या प्रकारचा डाव नकोसा वाटतो, आणि आपल्याला घरी पाठ केलेलं घड्याळ चालू असताना आठवेल का, हे सगळं बघावं लागतं. १९८६ मध्ये कास्पारोवने कार्पोवविरुद्ध ग्रुनफेल्ड निवडला. सतरावा आणि एकोणिसावा डाव त्याने त्यातच गमावला, तरी पुढच्या वर्षी सेव्हिलला तो पुन्हा तिकडेच वळला. २०१० मध्ये सोफियाला आनंदने टोपालोवविरुद्ध पहिल्याच डावात ग्रुनफेल्ड काढला. तयारीतल्या खेळ्यांचा क्रम चुकला आणि तीस खेळ्यांत डाव गेला. तरीही दहाव्या डावात तो पुन्हा हाच बचाव खेळला आणि बरोबरी साधली. बाराव्या, शेवटच्या डावात मात्र काळी मोहरी असताना त्याने वजिराच्या गॅम्बिटमधला लास्करचा जुना, भक्कम बचाव घेतला. तो डाव जिंकून त्याने विजेतेपद राखलं. मला आनंदच्या सगळ्या निवडींत ही सर्वात धाडसी वाटते, कारण शेवटच्या दिवशी माणसाला काहीतरी झगझगीत करून दाखवायचा मोह होतो.

१२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेन आणि गुकेश यांचा चौदावा डाव झाला. गुण समान होते, पांढरी मोहरी डिंगकडे होती. त्याने घोडा काढला, शेजारचं प्यादं एक घर सरकवलं आणि उंट त्या घरात बसवला. बॅनर्जींची मांडणी, या वेळी रंग उलटून. मध्य घ्यायला गुकेश पुढे आला आणि पटावर उलट्या रंगांचा ग्रुनफेल्ड उभा राहिला. त्यातून डिंगला फारसं काही मिळालं नाही. डाव बरोबरीकडे चालला असताना पंचावन्नाव्या खेळीला त्याचा हत्ती चुकीच्या घरात गेला, आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.