कनवटीला काय?

परवा शनिवारी शेजारच्या आजी म्हणाल्या, "पर्स घ्यायची आहे, येतेस का सोबत?" (आजी म्हणजे माझ्या लेकीच्या मानलेल्या आजी. पक्क्या टेक्सासच्या, सत्तरीच्या, एकट्याच राहतात.) मी लगेच तयार! पर्स निवडायला मला कोणीही, कधीही हाक मारावी. दुकानात शिरल्यावर कळलं की ही पर्स वेगळी आहे. एका बाजूला उभी चेन, तिच्या आत स्वतंत्र कप्पा, आणि त्या कप्प्यात होल्स्टर चिकटवायची पट्टी. पिस्तूल ठेवायची पर्स!

इतकी वर्षं इथे काढल्यावर बंदुकीच्या दुकानात दचकायला होत नाही. पण मी दचकले ते दुसऱ्याच कारणाने. माझी सहा वर्षांची लेक शाळेतून आल्यावर रोज दोन तास या आजींकडे असते. आजींची पर्स कायम कोचावर पडलेली, आणि तिच्यातल्या गोळ्या काढून घ्यायची लेकीला पूर्ण मुभा. लिमलेटच्या गोळ्या हो!

आजींचं पिस्तूल आजवर कपाटात कुलपात असायचं. पण मागच्या महिन्यात रात्री घरी येताना एक गाडी बराच वेळ त्यांच्या मागे मागे आली, तेव्हापासून ते जवळ हवंसं वाटतंय. प्रश्न एवढाच की ठेवायचं कुठे? पर्समध्ये की कमरेला? दुकानदाराने दोन्ही दाखवलं. आजींचं ठरेना, आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. मी मात्र पुढच्या दोन-तीन रात्री वाचत बसले.

आणि लक्षात आलं की हा प्रश्न बंदुकीचा नाहीच मुळी. हा खिशाचा प्रश्न आहे.

माझी आजी नऊवारी नेसायची. तिचे पैसे कनवटीला, पान-सुपारी चंचीत. जे मोलाचं ते अंगाला लागून. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांचंही अगदी असंच होतं. त्यांच्या झग्याला शिवलेले खिसे नसायचे. नाडीला लावलेल्या पिशव्या झग्याच्या आत कमरेला बांधायच्या आणि झग्याच्या बाजूच्या फटीतून हात घालायचा. कनवटच की! पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी सडपातळ, अंगासरशी झग्यांची फॅशन आली. आत पिशवी बांधली तर फुगवटा दिसणार. मग ती पिशवी बाहेर आली, हातात लटकली, आणि तिला नाव पडलं रेटिक्युल. लोकांनी थट्टेने तिलाच 'रिडिक्युल' म्हटलं. पुरुषांच्या कपड्यांना खिसे राहिले आणि बाईचं सामान तिच्या अंगापासून सुटलं ते सुटलंच.

शस्त्राचंही तसंच झालं. थंडीत हात ऊबदार ठेवायला बायका फरचं नळकांडं वापरत, ते 'मफ'. त्यात मावेल एवढं चिमुकलं पिस्तूल, म्हणून त्याचं नावच मफ पिस्तूल. पुढे १९०२ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने 'लेडीस्मिथ' नावाचं सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. ते १९२१ पर्यंत चाललं आणि १९८९ मध्ये तेच नाव कंपनीने पुन्हा बाजारात आणलं. म्हणजे बायकांसाठी बंदूक लहान केली, पण ती ठेवायची कुठे हे तिचं तिने बघावं!

मला सगळ्यात आवडली ती मात्र हॅटपिन. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या टोप्या केसांत अडकवायला वीतभर लांब पिना असत. ट्राममध्ये कोणी अंगचटीला आला की बाई पिन उपसायची. लपवायचा प्रश्नच नाही, शस्त्र डोक्यावरच! पण याची धास्ती एवढी वाढली की १९१० मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने नऊ इंचांहून लांब पिनांवर बंदी घातली आणि पन्नास डॉलर दंड ठेवला. ट्राममधल्या सलगीवर तोडगा काय, तर पिनेची लांबी कमी करा!

नंतरची एक बाई सांगायलाच हवी, एलिनॉर रूझवेल्ट. १९३३ मध्ये नवरा राष्ट्राध्यक्ष झाला, पण बाईंनी सिक्रेट सर्व्हिसचे रक्षक मागेपुढे नकोत म्हणून सांगितलं. मग निदान हे तरी ठेवा म्हणून त्यांना रिव्हॉल्व्हर दिलं गेलं. बाई ते चालवायला रीतसर शिकल्या. त्यांचा १९५७ सालचा पिस्तुलाचा परवाना आजही जपून ठेवलेला आहे.

आता आमच्या टेक्सासकडे येते. सिनेमे पाहून आपल्याला वाटतं की इथे प्रत्येकाच्या कमरेला कायमच पिस्तूल असणार. पण इथे १८७१ पासून सव्वाशे वर्षं सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगायला कायद्याने बंदी होती. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावात एका माणसाने आपला ट्रक भर दुपारी एका खानावळीत घुसवला आणि गोळीबार केला. २३ माणसं गेली. तिथे सुझॅना ग्रेशिया नावाची एक तरुण डॉक्टर आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचा हात पर्सकडे गेला, आणि मग आठवलं की रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत आहे. कायदा मोडला तर व्यवसायाचा परवाना जाईल या भीतीने ते तिने गाडीत ठेवलं होतं. ती खिडकीतून निसटली. आईवडील दोघंही गेले.

पुढे सुझॅना ग्रेशिया हप या नावाने ती विधिमंडळात निवडून आली. त्याआधी ती कायदा बदला म्हणून जागोजागी साक्ष देत फिरली. तेव्हा गव्हर्नर होत्या अ‍ॅन रिचर्ड्स. याबाबत मतदारांचा कौल घ्यावा असं विधेयक १९९३ साली आलं, ते त्यांनी फेटाळलं. त्यांचा एक विनोद प्रसिद्ध आहे: ज्या पर्समध्ये बाईला लिपस्टिक सापडत नाही, तिथे बंदूक काय सापडणार! (आपल्याकडे काखेत कळसा म्हणतात, तसं.) १९९५ मध्ये नवे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी सही केली आणि १ जानेवारी १९९६ पासून परवाना घेऊन पिस्तूल बाळगता येऊ लागलं. सप्टेंबर २०२१ पासून तर एकविशीच्या पुढच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही.

कायदा बदलला, खिसा काही आला नाही! कमरेचं होल्स्टर जाड पट्ट्यावर, सरळ कंबरेच्या माणसासाठी घडलेलं. बाईच्या नितंबाच्या गोलाईवर ते कलतं आणि पिस्तुलाची मूठ बरगड्यांत रुतते. म्हणून बायका पर्सकडे वळतात. आणि शिकवणारे पुन्हा पुन्हा तेच बजावतात, की पर्स हिसकावली जाते, विसरली जाते, खाली ठेवली जाते.

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका दुकानात एक तरुण आई दोन वर्षांच्या मुलाला ट्रॉलीत बसवून खरेदी करत होती. पर्स शेजारीच. अशाच खास कप्प्याची पर्स, नाताळची भेट म्हणून आलेली. मुलाने चेन उघडली. पुढचं लिहवत नाही.

ते वाचून मी लॅपटॉप मिटला. सुझॅनाचं रिव्हॉल्व्हर लांब होतं म्हणून, आणि या आईचं हाताशी होतं म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

दुसऱ्या दिवशी आजींकडे गेले. चहा झाला. विचारायला जीभ रेटत नव्हती, आपल्याकडे वडीलधाऱ्यांना असं विचारतात का! शेवटी विचारलंच, "माझी लेक इथे असेल तेव्हा ते कुठे असेल?"

आजी बराच वेळ गप्प. मला वाटलं, दुखावल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईने तिच्या शेजारणीला हे विचारायला हवं होतं." त्याहून जास्त त्या बोलल्या नाहीत, मीही खोदून विचारलं नाही.

पर्स घेतली नाही. झग्याच्या आत पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा घेतला (पुन्हा कनवटच!), आणि आकड्यांच्या कुलपाची एक लोखंडी पेटी. आता दुपारी त्याच आमच्याकडे येतात. पिस्तूल त्यांच्या घरी पेटीत, गोळ्या मुठीत. लिमलेटच्या.

आई, हे वाचून लगेच फोन करू नकोस, सगळं ठीक आहे.

फक्त एक. हल्ली अंधार लवकर पडतो. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत तीसेक पावलं असतील. आजी तेवढी मोकळ्या हाताने जातात. त्या आत जाऊन दिवा लावेपर्यंत मी दारात उभी राहते.