पितृपेशी प्रतिरक्षण
वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीला पतीच्या रक्तातील लसीका पेशी (लिंफोसाइट) टोचण्याची उपचारपद्धती. निम्मा वारसा पित्याकडून आलेला, म्हणजे अर्धा परका गर्भ आईचे शरीर झिडकारत का नाही, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. आईची प्रतिरक्षा यंत्रणा पित्याच्या पेशी ओळखून गर्भाला संरक्षण देत असावी. ही ओळख कमी पडली तर ती बाहेरून करून द्यावी, असा या उपचारामागचा तर्क होता. तर्क देखणा होता, आणि तेच त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

लंडनमध्ये मोब्रे व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या चाचणीत पतीच्या पेशी घेतलेल्या २२ पैकी १७, तर स्वतःच्याच पेशी घेतलेल्या २७ पैकी १० स्त्रियांची गर्भधारणा यशस्वी झाली. या आकड्यांवर पद्धत जगभर पसरली. १९९९ मध्ये कॅरोल ओबर यांच्या मोठ्या चाचणीने मात्र चित्र पालटले : उपचार घेतलेल्यांत यश ३६ टक्के, निव्वळ खारे पाणी टोचलेल्यांत ४८ टक्के. परक्या रक्तपेशींमुळे संसर्गाचा धोकाही संभवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये हा उपचार परवानाप्राप्त संशोधनापुरता मर्यादित केला.

वारंवार गर्भपाताचेच एक कारण असलेल्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे प्रकरण वेगळे. त्यातही दोष प्रतिरक्षेचाच; पण रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीवर ॲस्पिरिन व हेपॅरिन एकत्र दिल्यास जिवंत मूल जन्मण्याची शक्यता वाढते.