मृतांच्या अंगावरची लोकर

१/८ इ.स. १६७८. इंग्लंडमध्ये घरात मृत्यू झाला की शोकाकुल कुटुंबाला कायद्याच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे : प्रेतवस्त्र कोणत्या धाग्याचे? ‘मेंढीच्या लोकरीचे’ याखेरीज दुसरे उत्तर कायद्याला मान्य नव्हते.

२/८ लोकर हा मध्ययुगापासून इंग्लंडच्या संपत्तीचा आधार होता. १७ व्या शतकात परदेशी लिनन मोठ्या प्रमाणावर येऊ लागले, आणि प्रेतवस्त्रे बहुधा लिननचीच असत. मातीत जाणाऱ्या कापडासाठी देशाचा पैसा बाहेर का जावा, असा राज्यकर्त्यांचा हिशेब होता.

३/८ १६६६ चा पहिला कायदा फारसा पाळला गेला नाही. म्हणून १६७८ मध्ये अधिक कडक कायदा आला. शवपेटीचे अस्तरही लोकरीचेच हवे, असे त्यात बजावले होते. त्या काळी कागद लिननच्या चिंध्यांपासून बने. त्यामुळे कायद्यात कागदउद्योगाच्या उत्तेजनाचाही उल्लेख होता. सूट होती ती प्लेगने मेलेल्यांना.

४/८ दफनानंतर आठ दिवसांच्या आत लोकरीच्या वापराबद्दल शपथपूर्वक प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. त्याची नोंद चर्चच्या दफननोंदवहीत होई.

५/८ नियम मोडल्यास दंड ५ पौंड, म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई. दंडाचा अर्धा भाग पॅरिशमधील गरिबांना आणि अर्धा खबर देणाऱ्याला मिळे. श्रीमंतांनी यातूनच वाट काढली : घरचाच माणूस खबर देई आणि अर्धी रक्कम घरात परत येई!

६/८ प्रसिद्ध अभिनेत्री ॲन ओल्डफील्ड १७३० मध्ये वारली. तिला ब्रुसेल्सच्या लेससह उंची वस्त्रांत वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरण्यात आले. कवी अलेक्झांडर पोपने लोकरीत पुरले जाण्याच्या तिच्या तिटकाऱ्यावर उपहासाचे बाण सोडले.

७/८ दुसऱ्या टोकाला होते निर्धन. लिननचा दंड त्यांना झेपणारा नव्हता आणि नवे लोकरी कापडही परवडणारे नव्हते. काही दफननोंदवह्यांत अशा मृतांपुढे एकच शब्द आढळतो : ‘नग्न’.

८/८ याच संरक्षक धोरणाने पुढे जिवंतांच्या पेहरावालाही हात घातला. १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी प्रथम भारतीय छिटांवर आणि नंतर बहुतेक सुती छापील वस्त्रांवर बंदी आली. प्रेतवस्त्राचा कायदा १८१४ मध्ये रद्द झाला. तोवर सर्वांसाठी सारखा असलेला हा नियम श्रीमंतांच्या लेखी केवळ एक खर्च होता. गरिबांच्या लेखी मात्र ती अखेरच्या वस्त्रावरची सक्ती होती.